अब्बांच्या कानातली शिट्टी

ईदगाहवरून परत आल्यावर घरात गळाभेटी सुरू होतात, तेव्हा अब्बांचा उजवा कान शिट्टी वाजवतो. बारीक, सुईसारखी शिट्टी. गळ्यात पडलेला पाहुणा दचकून खिशातला मोबाईल चाचपतो. अम्मी स्वयंपाकघरातून ओरडते, "मशीन!" अब्बा मात्र सगळ्यांकडे बघून हसत राहतात, कारण त्या शिट्टीचा पत्ता घरात फक्त त्यांनाच नसतो. उंच पट्टीचे आवाज त्यांच्या कानांनी केव्हाच सोडून दिलेत. ऐकू यावं म्हणून जे मशीन आणलं, त्याची स्वतःची बोंब तेवढी त्यांना ऐकू येत नाही.

त्या शिट्टीशी माझी जुनी दुश्मनी आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एकदा मी माईकची पिन बरोबर खाचेत बसवली आणि तेव्हापासून शाळेचा माईक कायमचा माझ्या गळ्यात पडला. प्रजासत्ताक दिन, सीरतचा जलसा, स्नेहसंमेलन, काहीही असो, तिलावतीसाठी पोरगं माईकसमोर उभं राहिलं की भोंगा आधी किंचाळतो आणि साडेचारशे पोरांसकट सगळा स्टाफ माझ्याकडे बघतो. दुसरं म्हणजे मी माउथ ऑर्गन वाजवतो, आणि तोही ब्लूज. माईक मुठीत धरून, माउथ ऑर्गन त्याला चिकटवून. या प्रकारात शिट्टी म्हणजे शेतकऱ्याला तण असतं तशी. कितीही काढा, पुन्हा उगवते.

इंग्रजीत तिला फीडबॅक म्हणतात. बी.एड.ला आम्हाला या शब्दाचं मराठी शिकवलं होतं, प्रत्याभरण. सूक्ष्म अध्यापनाचा सहा मिनिटांचा पाठ झाला की मागच्या बाकावरचे सोबती प्रत्याभरण द्यायचे: फळ्याकडे तोंड करून बोललात, आवाज शेवटपर्यंत पोचला नाही. माईकचं प्रत्याभरणही तसंच, फक्त ते थांबत नाही. माईकने आवाज घेतला, ॲम्प्लिफायरने वाढवला, स्पीकरने सोडला आणि तोच आवाज हवेतून फिरून पुन्हा माईकमध्ये शिरला. दर फेरीत तो थोडा लहान होऊन परतला तर विरून जातो. जेवढ्यास तेवढा किंवा मोठा होऊन परतला, तर फेरीगणिक फुगत जातो. सगळे सूर सारखे फुगत नाहीत. माईक, स्पीकर आणि खोली या तिघांना मिळून जो एक सूर सगळ्यात मानवतो, तो बाकीच्यांना मागे टाकतो. तीच शिट्टी.

अब्बा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आणि मागे दीड हातावर ढोल. तीसेक वर्षं. कान तिथेच गेले, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मी शाळकरी होतो तेव्हा बेंजो पार्ट्या आल्या. त्यांच्या गाडीवर भोंगे असायचे, बॅटरी असायची. गल्लीच्या त्या टोकाला बेंजो वाजला की या टोकाचा बँड मुका व्हायचा. मग बँडच्या मालकांनीही हातगाडीवर दोन भोंगे चढवले आणि अब्बांच्या क्लॅरोनेटच्या तोंडाशी रुमालाने माईक बांधला. आता क्लॅरोनेटचा आवाज काही फक्त पुढच्या तोंडातून येत नाही, उघड्या भोकांमधूनही येतो. त्यामुळे काही सूर माईकला मिळायचे, काही मिळायचेच नाहीत. मालक बटण वाढवायचे. भोंगा अब्बांच्या पाठीशीच. एका वरातीत असं किंचाळलं की नवरदेवाची घोडी बिथरली. त्या रात्री अब्बांनी रुमाल सोडला तो कायमचा. पुढे चार-पाच वर्षं ते बिनमाईकचं वाजवत होते आणि कुणालाही ऐकू येत नव्हतं. हे माझं निरीक्षण, त्यांनी असं कधी म्हटलं नाही.

माउथ ऑर्गन त्यांनीच आणून दिला. आपल्याकडे बहुतेकांच्या हाती येतो तसला, भोकांच्या दोन ओळींचा, थरथरणाऱ्या सुराचा. 'दोस्ती' सिनेमा पाहिलेल्या पिढीला तो आवाज सांगावा लागत नाही. मीही कितीतरी वर्षं सिनेमाचीच गाणी वाजवली. मग बी.एड.च्या वर्षी वसतिगृहातल्या एका मित्राकडे एक कॅसेट मिळाली. त्यावर काहीतरी खर्जातलं, घोगरं, रागावलेलं वाजत होतं. मी म्हटलं, सॅक्सोफोन आहे. तो म्हणाला, माउथ ऑर्गन आहे. मी पैज हरलो. वाजवणारा होता लिटल वॉल्टर.

त्याचं खरं नाव मॅरियन वॉल्टर जेकब्स, जन्म १९३०, लुईझियाना. दक्षिणेतल्या कापसाच्या मुलखातून हजारो काळी माणसं कामधंद्यासाठी उत्तरेला शिकागोला जात होती, त्या लोंढ्यात हाही मिसरूड फुटायच्या वयात तिथे पोचला. शिकागोत मॅक्सवेल स्ट्रीट नावाचा रस्त्यावरचा बाजार होता. रविवारी तिथे वाजवणारे आजूबाजूच्या दुकानातून, घरातून वायर ओढून आणायचे आणि ॲम्प्लिफायर लावायचे. गावाकडे झाडाखाली गिटार आणि माउथ ऑर्गन शेजारी शेजारी सुखाने नांदत होते. शहरात गिटार विजेची झाली, मागे ड्रम आला, आणि चार इंचांचा माउथ ऑर्गन बुडाला. आमच्या गल्लीत क्लॅरोनेट बुडालं तसाच.

वॉल्टरने माउथ ऑर्गन सोडला नाही आणि माईकसमोर उभं राहूनही वाजवला नाही. त्याने माईकच ओंजळीत घेतला. माउथ ऑर्गन आणि माईक दोन्ही हातांत घट्ट मिटले आणि वायर सरळ ॲम्प्लिफायरला जोडली. गाण्याचा भारीतला माईक लागत नव्हता. पुकारा करायला वापरतात तसला, मुठीएवढा, गोलसर, स्वस्त माईक चालायचा. ओंजळीतला दाबलेला आवाज त्या माईकला झेपत नाही, ॲम्प्लिफायरलाही झेपत नाही. आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटले जातात आणि मुळात नव्हते ते स्वर त्यात उगवतात. मिरजेच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर आहेत. तार घोडीवर नुसती टेकली तर साधा ठण्ण आवाज, आणि घोडीचा माथा नेमका घासला तर एकाच तारेतून दहा आवाज उठतात. तंबोऱ्याला जी जवारी, ती वॉल्टरच्या माउथ ऑर्गनला ॲम्प्लिफायरची कुरकुर. १२ मे १९५२ रोजी त्याने 'ज्यूक' नावाची बिनशब्दांची चीज रेकॉर्ड केली आणि ती काळ्यांच्या संगीताच्या यादीत आठ आठवडे पहिल्या नंबरावर राहिली. वॉल्टर १९६८ मध्ये गेला. वय सदतीस.

पण जवारीची ही जागा आणि शिट्टीची जागा एकच आहे, ही यातली मेख. कुरकुर हवी तर ॲम्प्लिफायर जवळजवळ उतू जाईल इतका उघडायचा. उतू गेला की शिट्टी. दूध तापवणाऱ्या बाईसारखं सतत तिथे उभं राहावं लागतं.

मी भंगारवाल्याकडून एका मंडपवाल्याचा जुना गोल माईक घेतला, सांगलीतून सेकंडहँड गिटारचा ॲम्प्लिफायर आणला आणि मोहल्ल्यातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांनी माईकच्या मानेवर आवाजाचं एक छोटं बटण बसवून दिलं. त्या बटणाचा उपयोग मला दोन वर्षं कळला नाही. शेजारच्या खालांनी एकदा भिंतीपलीकडून विचारलं, "कुकर उतारते नै क्या रे?"

मग तो कार्यक्रम. आमच्या ड्रॉईंगच्या सरांची गिटार, त्यांच्या भाच्याचे ड्रम आणि मी. सांगलीतला एक छोटा हॉल, सत्तर-ऐंशी माणसं. अब्बांना नवं मशीन घेऊन महिना झाला होता. मी हट्टाने त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या लग्नात वाजवलं, आता मुलाचं ऐकावं, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. पहिली चीज ठीक गेली. दुसरीत भाच्याला जोर चढला. मला माझा आवाज ऐकू येईना. ॲम्प्लिफायर माझ्या मागे जमिनीवर, म्हणजे त्याचा सगळा आवाज माझ्या पोटऱ्यांना ऐकू येत होता. मी बटण वाढवलं. थोड्या वेळाने आणखी वाढवलं. श्वास घ्यायला माउथ ऑर्गन ओठांपासून बाजूला केला आणि हातांची नुसती पोकळी माईकभोवती राहिली, त्या क्षणी ते किंचाळलं. घाबरून मी जे सगळे करतात तेच केलं, माईकचं तोंड तळव्याने झाकलं. मुठीत कोंडली की शिट्टी गुदमरत नाही, आणखी मोठी होते. तळव्याखाली पोकळी तयार होते, ती घागरीसारखी घुमते आणि फेरीला नवा जोर देते. लोकांनी कानांवर हात ठेवले.

मी अब्बांकडे बघितलं. त्यांनी शांतपणे कानातलं मशीन काढलं, कुडत्याच्या खिशात ठेवलं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून शेवटपर्यंत माझ्याकडे बघत बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या की तेही वाजवत होते.

घरी येताना आम्ही यावर काही बोललो नाही.

त्यानंतरचं वर्षभर मी शिट्टीमागे लागलो. चूक बटणाची नव्हती, मला माझा आवाज ऐकू येत नव्हता ही होती. म्हणून पहिलं काम, ॲम्प्लिफायर खुर्चीवर. तोही जरा मागे कलता, कानाकडे तोंड केलेला. एवढ्यानेच बटण एक चतुर्थांश खाली आलं. मग मी त्याच्या समोरून हटून बाजूला आलो आणि माईकचं तोंड त्याच्याकडे कधीच जाणार नाही असा उभा राहायला शिकलो, पाठ आडोशाला देऊन. ट्रेबल उतरवला, कारण माझी शिट्टी बहुतेक वेळा वरच्या पट्टीतून यायची आणि वॉल्टरच्या आवाजाला त्या पट्टीची फारशी गरजच नाही. माईकच्या मानेवरचं बटण कशासाठी ते आता कळलं. वाजवत नाही तेव्हा करंगळीने ते शून्यावर आणायचं. ते जमलं नाही तर माईक छातीला लावायचा, पण रिकाम्या ओंजळीत धरून ठेवायचा नाही.

शिकागोच्या वाटेने जाणारे वाजवणारे आणखी एक करतात. त्यांचे ॲम्प्लिफायर अजूनही जुन्या रेडिओसारखे व्हॉल्व्हचे असतात. १९५० च्या दशकात फेंडर कंपनीने बेस गिटारसाठी काढलेला, दहा इंची चार स्पीकरचा बासमन हा त्यातला लाडका. गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये पहिला व्हॉल्व्ह सहसा १२एएक्स७ असतो, आवाज शंभर पटीने वाढवण्याची ताकद असलेला. तो काढून त्याच खाचेत चाळीस-पंचेचाळीस पटीचा १२एवाय७ बसवतात, किंवा वीसच्याही खालचा १२एयू७. ताकद कमी करून घ्यायला पैसे खर्च करायचे, हे आमच्या चाचांना पटायला वेळ लागला. माझा ॲम्प्लिफायर ट्रान्झिस्टरचा, तेव्हा माझा प्रश्नच आला नाही.

शिट्टी ओळखून तो सूर आपोआप कापणारी यंत्रंही मिळतात. मित्राने एक आणून दिलं. त्याने शिट्टी कापली, आणि मी खेचून धरलेला लांब सूरही कापला. बिचाऱ्याला दोन्ही सारखेच. मी ते परत केलं.

सगळ्यात जास्त फरक पडला तो तोंडाने आणि हाताने. माईकपासूनचं अंतर दुप्पट झालं की मोकळ्या हवेत आवाज सहा डेसिबलने उतरतो. म्हणजे माझा आवाज माईकला जितका जवळून आणि भरघोस मिळेल, तितका ॲम्प्लिफायर कमी उघडावा लागेल. हातांत बारीक फट राहिली तरी खर्ज गळून जातो. रोज रात्री इशानंतर गच्चीवर, वायर न जोडता, नुसती मूठ मिटून वाजवायचो. घसा मोकळा, श्वास पोटातून, फुंकर हळू. जोरात फुंकलं की माउथ ऑर्गनच्या पत्त्या अडकतात आणि आवाज उलट बारीक होतो. आणि मग सगळ्यात अवघड गोष्ट केली. ड्रॉईंगच्या सरांना आणि त्यांच्या भाच्याला म्हटलं, जरा हळू वाजवा. भाचा पंधरा दिवस बोलत नव्हता.

शिट्टी आटोक्यात आली. पण अब्बांना मी अजूनही नीट ऐकू येत नव्हतो. घरी, माईकशिवाय वाजवलं तरी ते म्हणायचे, "सुर हिल रा." मी ट्यूनर लावून दाखवला, सूर हलत नव्हता. "हिल रा," ते म्हणायचे. चाळीस वर्षं सुरात राहिलेला माणूस. मला वाटलं, वय झालं.

मशीन तपासायला गेलो तेव्हा ऑडिओलॉजिस्ट मॅडमना सहज हे सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, बरोबर सांगतायत ते, त्यांना हलताना ऐकू येतोय. कानाच्या मशीनमध्ये माईक आणि स्पीकर बोटभर अंतरावर असतात, तेव्हा शिट्टीची भीती जन्माचीच. म्हणून मशीन सतत पहारा ठेवतं. एकसारखा, लांब, स्वच्छ सूर कानावर आला की त्याला वाटतं ही आपलीच शिट्टी, आणि ते उलटा सूर सोडून तिला मारायला बघतं. बासरी, क्लॅरोनेट, माउथ ऑर्गन यांचा खेचलेला सूर आणि शिट्टी यांत त्याची गल्लत होते. मग सूर डळमळतो, कधी मागे सावलीसारखा दुसरा सूर उमटतो. शिवाय ही मशीनं बोलण्यासाठी बेतलेली. जवळून वाजवलेल्या वाद्याचा आवाज तिथे दारातच चेंगरतो.

मला मित्राने दिलेलं ते यंत्र आठवलं. मी ते परत करू शकलो होतो.

त्यांनी मशीनमध्ये संगीतासाठी वेगळा प्रोग्राम बसवून दिला. त्यात पहारा सैल आणि वरच्या पट्टीतली वाढ थोडी कमी. पहारा सैल म्हणजे शिट्टीची भीती परत आलीच. म्हणून कानाचा साचा नव्याने घेतला, कारण जुना सैल झाला होता आणि त्या फटीतून आवाज बाहेर गळून पुन्हा माईकमध्ये शिरत होता. कानात मळही निघाला, त्याचाही हात होता म्हणे. माझ्या हातांतल्या फटीमागे मी वर्षभर लागलो होतो. अब्बांच्या कानातली फट कुणी बघितलीच नव्हती.

परवा जुम्म्याला जेवणं झाल्यावर अब्बांनी मशीनचं बटण दाबून प्रोग्राम बदलला आणि म्हणाले, "बजा." मी दोन हात लांब बसलो. माईक नाही, ॲम्प्लिफायर नाही. दहा भोकांचा, सी पट्टीचा माउथ ऑर्गन. ब्लूजवाले सीच्या माउथ ऑर्गनवर जी पट्टी वाजवतात, श्वास आत ओढून. दुसऱ्या भोकातला सूर ओढून वाकवला आणि धरला. अब्बांनी मान हलवली, नाही अशी. "लंबा पकड्या तो अबी बी हिलता," म्हणाले, "तू खुदच हिला." मग मी उजव्या हाताचा पंजा उघडमीट करत तोच सूर थरथरवला. यावर मशीन कमी फसतं का, हे मॅडमना विचारायला हवं. अब्बांच्या मते कमी फसतं. त्यांचे डोळे मिटले होते आणि बोटं गुडघ्यावर क्लॅरोनेटची भोकं शोधत होती.

थोड्या वेळाने त्यांनी वरातीत वाजवायचे ते एक जुनं गाणं सांगितलं. ते मला दहा भोकांवर पुरतं येत नाही, जमेल तसं सुरू केलं. अधिक नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी सवयीने पंजा कानामागे नेला आणि ओंजळ केली. लगेच शिट्टी. अम्मी आतून ओरडली.

"अब्बा, हात," मी म्हटलं.

त्यांनी हात खाली घेतला. मी गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं.